एकाच रंगाचे दोन ताके

३ फेब्रुवारी

प्रिय शिट्टी,

तुझा फोन येऊन गेला असं शेजारच्या शिंपिणीने सांगितलं. मी घरातच होतो. पण मशीनच्या खडखडाटाने माझे कान गेले ते गेलेच, आणि मोबाइलवर दोन ओळींच्या पुढे माझा अंगठा चालत नाही. म्हणून पत्र लिहितो आहे. तूही पत्रच लिही.

मी कामावर जायला लागलो. घरी बसवत नाही. दादाच्या खोलीत गेलो की काहीतरी उचलतो, मग ते कुठे ठेवायचं हे न कळून परत तिथेच ठेवतो. काल त्याच्या पलंगाखालच्या चपला दाराशी आणल्या आणि थोड्या वेळाने परत पलंगाखाली नेल्या. काळजी करू नकोस, डोकं ठिकाणावर आहे. पाय तेवढे एका जागी ठरत नाहीत.

आता मुद्द्याचं. दादाचं डायलिसिस बघणाऱ्या डॉक्टर बाईंनी मला बोलावून घेतलं. ज्या घरांत मूत्रपिंडाचा आजार आहे अशा घरांचा त्या अभ्यास करतात. दादाने जाण्याआधी सही करून रक्त दिलं होतं, आपल्याला बोलला नव्हता. माझंही घेतलं. मग त्यांनी विचारलं, घसा दुखायचा तेव्हा तुमच्या भावाच्या लघवीचा रंग बदलायचा का? काळ्या चहासारखा?

मी नाही म्हणणार होतो. मग आठवलं. दादा जिगरवर होता, कापड रंगाच्या टाकीतून इकडून तिकडे फिरवणारं ते मशीन, ज्याला तू लहानपणी झोपाळा म्हणायचीस. मरून रंगाचा माल चालू असला की माणसांचे हात, मान, रुमाल, सगळं मरून. त्या दिवसांत दादाला सर्दी-घसा होता. कारखान्याच्या मोरीत त्याच्या शेजारी उभा असलेला एकजण म्हणाला, "काय हो, आतूनपण रंगलात की!" दादा म्हणाला, "शेठ ओव्हरटाइम देत नाही, निदान रंग तरी घरी नेतो." सगळे हसले, मीही हसलो. पुढे त्याचा घसा पुन्हा धरला तेव्हा पुन्हा तसंच झालं. तेव्हा निळा माल चालू होता. तरी दादा म्हणाला, मागचा निघतोय अजून.

डॉक्टर बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ते रक्त होतं. आजाराचं नाव आयजीए नेफ्रोपथी. तो थेट वारशाने येतो असं नाही, पण त्याचा धोका काही घरांत जास्त असतो.

तू दादाची मुलगी आहेस आणि तुझा घसा वर्षभर बसलेला असतो. एकदा लघवी आणि रक्त तपासून घे. एका सकाळचं काम आहे.

तुझा काका

*

११ फेब्रुवारी

काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा तरणतलावाच्या काठावर बसून, म्हणून अक्षरं फुटलीत. रडून नाही हो, पोरांनी पाणी उडवलं. एका चिमुरडीला पाण्यात तोंड घालायला शिकवता शिकवता कारखान्याच्या मोरीचं वर्णन वाचणारी जगातली पहिली पोहणे-शिक्षिका मीच असेन.

पण तुम्ही काय लिहिलंय ते तुम्हाला कळतंय का? माणूस सगळं आयुष्य रंगाच्या वाफेत उभा राहतो, त्याची मूत्रपिंडं जातात, आणि दोष कुणाचा? त्याच्या रक्ताचा! शेठचा नाही, टाकीचा नाही, ज्या पावडरीच्या पिंपांवर कवटी छापलेली असते त्यांचाही नाही. तुमच्या डॉक्टर बाईंना शेठने चहाला बोलावलं होतं का? आणि तुम्ही इतकी वर्षं तिथेच काढलीत म्हणून तुम्हालाही तेच पटणार.

माझ्याकडे पोहायला एक वकीलीण येते. तिला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, जिगरवर कोणती रसायनं वापरायचे त्यांची नावं आण, बाकी मी बघते. तेवढं पाठवा.

बाबांना रंगाने मारलं. मला एवढं कळतं.

तपासणीचं बघते. माझा घसा क्लोरीनने आणि ओरडण्याने बसतो, त्यात मूत्रपिंडाचा काय संबंध? तुमचे जावई म्हणतात, तपासायचाच तर हिचा आवाज तपासा, लिफ्ट दुरुस्त करायला तिच्या बोळकांडीत अकराव्या मजल्यावर लटकलेलो असतानाही मला ऐकू येतो. बरे आहेत ते. नेहमीसारखे अधांतरी.

जेवता ना वेळेवर? चपला राहू द्या तिथेच. मी आले की बघू.

शिट्टी

*

१७ फेब्रुवारी

प्रिय शिट्टी,

रसायनांची नावं वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडली आहेत. वकीलीण बाईंना दे. शेठची बाजू घ्यावी इतका पगार त्याने मला कधी दिला नाही. त्या वाफेने माणसांची कातडी गेली, छाती गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तक्रार कर, मी सही करीन.

पण हे वेगळं आहे. तुझाच प्रश्न मी डॉक्टर बाईंना विचारला, आणि माझ्या मानाने बराच रागावून विचारला. त्या म्हणाल्या, रंगाचा काहीच हात नाही असं मी सांगणार नाही, मला ते माहीत नाही. पण तुमच्या भावाच्या मूत्रपिंडाचा तुकडा तपासला तेव्हा त्यात जे साचलेलं दिसलं, तो रंग नव्हता.

त्या माझ्याशी कागदावर लिहून बोलतात. मला समजलं तेवढं सांगतो. घशात किंवा आतड्यात जंतू शिरला की शरीरात निरोप जातो, लढायला प्रतिपिंडं तयार करा. हा निरोप पोहोचवणारे, तो ऐकणारे आणि पुरे झालं म्हणून थांबवणारे असे बरेच जण असतात. ते कसे घडवायचे हे जनुकांत लिहिलेलं असतं आणि त्या लिहिण्यात माणसामाणसांत बारीक फरक असतात. काहींच्या शरीरात निरोप जरा मोठ्याने जातो आणि 'पुरे' उशिरा येतं. मग एका जातीची प्रतिपिंडं गरजेपेक्षा जास्त होतात. त्यातली काही अर्धवट घडलेली असतात, ती एकमेकांना चिकटून मूत्रपिंडाच्या गाळण्यांत अडकतात. गाळण्या सुजतात आणि रक्त झिरपतं. घसा दुखतो त्याच दिवसांत लघवी रंगीत होते ती यामुळे.

मी म्हटलं, म्हणजे बहिऱ्याशी ओरडून बोलावं तसं? त्या हसल्या आणि लिहिलं, 'अगदी तसंच'. आपल्या घरात बहिरा मी एकटा, पण ओरडत सगळेच आलो आहोत.

हे फरक वाईटच असतात असं नाही, असंही त्या म्हणाल्या. जंतूंशी लढायला त्यांचा उपयोग होत असावा, म्हणूनच ते टिकले असतील.

रंगाने नेलं असं ठरलं तर तुला तपासायची गरज उरत नाही. मला तसं ठरवता येत नाही. दादाचं कळलं तेव्हा त्याची दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली होती. मी माझं एक द्यायला निघालो तर रक्तगट जुळेना. लवकर कळलं असतं तर गोळ्यांवर बरीच वर्षं निघाली असती, हे त्याच बाईंचं म्हणणं.

तपासून घे. मग मला वाटेल तेवढी शिव्या घालणारी पत्रं लिही.

काका

*

२८ फेब्रुवारी

काका,

तपासलं. सगळं साफ आहे. झालं समाधान?

मध्ये चार-पाच दिवस पडून होते, घसा आणि ताप. आता बरी आहे. त्यात एक-दोनदा लघवी जरा रंगीत झाली होती, पण ती बिटाच्या रसाने. रक्त वाढावं म्हणून घेतेय सध्या. आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढच्या गाडीने तुम्ही डॉक्टर बाईंना काखेत मारून याल.

वकीलीण नावं वाचून खूश झाली. एवढी खूश की मला तिची भीतीच वाटली.

घाईत आहे. शिकाऊ पोरांची स्पर्धा तोंडावर आलीय.

शिट्टी

*

४ मार्च

प्रिय शिट्टी,

तुझं पत्र मिळालं. तपासणीचा कागद मागत नाही. तू लिहिलंस, मी वाचलं.

रक्त का वाढवायला हवं आहे, हे मात्र कळलं नाही.

या पाकिटात कापडाचे सहा तुकडे आहेत. माझं रंग जुळवायचं काम तुला माहीत आहे. गिऱ्हाईक सांगतं 'विटकरी' आणि त्याच्या मनात असतो गेरू. म्हणून आम्ही तोंडी रंग घेत नाही, तुकडा मागतो. रंगाला नाव दिलं की माणूस नावालाच होकार देतो. म्हणून यांच्यावर नावं नाहीत, पाठीमागे नुसत्या खुणा आहेत.

सकाळी खिडकीपाशी उभी राहा. ट्यूबलाइटखाली नको, तिथे रंग फसवतात. पांढऱ्या कागदावर तुकडे मांड. आजारी होतीस तेव्हा जो रंग पाहिलास त्याच्या सगळ्यात जवळचा उचल. फार विचार करू नकोस, पहिली नजरच खरी असते. तो एक मला पाठव, बाकीचे फेकून दे.

बीट असेल तर बीट निघेल. मी गप्प बसेन.

इथे सगळं ठीक आहे. दादाच्या खोलीची खिडकी उघडी ठेवायला लागलो आहे. दिवसातून तीनदा जाऊन बघतो की ती उघडीच आहे ना.

काका

*

१५ मार्च

काका,

मी कापडाचा ताका नाही. मला तुकड्यांशी जुळवू नका.

तुमचं पाकीट उघडलं आणि मला इतका संताप आला की तुमचे जावई डबा न घेता कामावर गेले. म्हणे पहिली नजर खरी! आख्खं आयुष्य रंग ओळखण्यात घातलंत, आणि शेजारच्या टाकीवरच्या सख्ख्या भावाचा रंग तुम्हाला ओळखू आला नाही? निळा माल चालू असताना लाल येतंय, हे कुणाच्याच डोक्यात शिरलं नाही? आणि आता मला शिकवताय, ट्यूबलाइटखाली बघू नकोस.

रक्त का वाढवायला हवंय विचारलंत ना? सांगणार नव्हते. तिसरा महिना लागलाय. अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांना सांगायचं राहून गेलं, मग तुम्हाला आधी कसं सांगणार?

मला आत्ता कुठलीही वाईट बातमी नकोय. एवढे महिने नीट जाऊ देत. नंतर काय तपासायचं ते तपासा, हवं तर सोलून बघा.

तुकडे टेबलाच्या खणात टाकलेत.

शिट्टी

*

२० मार्च

प्रिय शिट्टी,

पत्र वाचलं आणि बाहेर जाऊन नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. परत येताना शिंपिणीला सांगून टाकलं. तू अजून कुणाला सांगितलेलं नाहीस हे माहीत होतं, पण मला कुणाला तरी सांगायचंच होतं. ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही हसताय!" तेव्हा मला कळलं.

दादा असता तर त्याने अख्खी पाळी गोळा करून सांगितलं असतं. मी एकट्या शिंपिणीलाच सांगितलं.

रंगाचं तू लिहिलंस त्याला उत्तर असं आहे. त्या मोरीत दिवसभर रंगाचंच पाणी वाहायचं. तिथे आम्ही रंग जुळवायला उभे नव्हतो, हात धुऊन घरी जायच्या घाईत होतो. रंगाच्या कारखान्यात लाल पाणी दिसलं तर माणूस रंगच समजणार. शाळेतल्या किंवा बँकेतल्या माणसाला तसं झालं असतं तर तो घाबरून त्याच दिवशी डॉक्टरकडे गेला असता. एवढाच फरक पडला. म्हणून मला वाटतं, तू तरी बीट समजू नयेस.

आता एक गोष्ट सांगतो. ती तुला कळवायचीच नाही असं ठरवलं होतं. माझ्या रक्ताचा निकाल आला. असे निकाल घरच्यांना द्यायची पद्धत नाही, ते अभ्यासापुरते असतात, पण मी विचारत राहिलो म्हणून बाईंनी तोंडी सांगितलं, म्हणजे कागदावर लिहून दाखवलं आणि कागद परत घेतला. दादाकडे जे फरक सापडले ते जवळजवळ सगळे माझ्याकडेही आहेत. एखादा कमी-जास्त. निरोप माझ्या अंगातही तसाच ओरडून जातो. आणि माझी मूत्रपिंडं चांगली आहेत. लघवी साफ, रक्तदाब ठीक.

मी विचारलं, हे कसं? त्या म्हणाल्या, आम्हालाही पूर्ण माहीत नाही. फरकांनी धोका वाढतो, पण आजार होईलच असं ठरत नाही. बाकी बरंच काही लागतं, त्यातलं थोडं आम्हाला कळलंय.

मला हे आमच्या कामावरून कळतं. एकाच रेसिपीने, एकाच टाकीत दोन ताके काढले तरी छटा एक येत नाही. पाणी बदलतं, ताप बदलतो, कापडातली ओल बदलते. म्हणून आम्ही एका सदऱ्याला दोन ताक्यांचं कापड लावू देत नाही. रेसिपी हातात असली तरी ताका उलगडून उजेडात बघावाच लागतो. तू दादाची मुलगी आहेस म्हणून तुला हे झालंच असेल असं मी म्हणत नाही. बघितल्याशिवाय कळणार नाही, एवढंच म्हणतो.

डॉक्टर बाईंना तुझं नाव न घेता विचारलं. त्यांनी दोनदा अधोरेखित करून लिहिलं, 'गरोदर असेल तर आत्ताच. नंतर नाही.' या काळात मूत्रपिंडांवर भार वाढतो. आधी माहीत असेल तर सांभाळता येतं, माहीत नसेल तर रक्तदाब एकदम चढतो आणि मग आई आणि मूल दोघांचंही कठीण होतं.

ही वाईट बातमी म्हणून लिहीत नाही. अजून बातमी काही नाहीच.

तुझा काका

*

४ एप्रिल

शिट्टी,

तुझं पाकीट आत्ता मिळालं. आत चिठ्ठी नव्हती. मी पाकीट झटकून पाहिलं, फाडून उलटं केलं. एक तुकडा निघाला, बस.

तो कोणता ते सांगतो, कारण आता सांगायला हवं. त्या सहातला गुलाबी तुकडा मी खरं बीट किसून, त्याच्या पाण्यात रंगवला होता. तू तो उचलला नाहीस. तू पाठवलेला तुकडा तपकिरी आहे, डॉक्टर बाईंच्या सांगण्यावरून काळ्या चहात बुडवलेला.

तसाच सायकलवर बसून त्यांच्याकडे गेलो. रांग मोडून आत शिरलो. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि लोकांनी काय म्हटलं ते सुदैवाने ऐकू आलं नाही. त्यांनी तुकडा खिडकीशी नेऊन पाहिला. तुमच्या शहरातल्या त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना माझ्यासमोर फोन केला. परवा सकाळी तुझी वेळ ठरवली आहे. पत्ता मागे लिहिला आहे. पत्र वेळेत पोहोचेल की नाही, भरवसा नाही, म्हणून हाच पत्ता जावयांना मोबाइलवर पाठवला आहे. दोन ओळींतच बसला.

जा. मला काही लिहू नकोस, आधी जा.

काका

*

१९ एप्रिल

काका,

गेले.

आधी हे सांगते की 'तपासलं, सगळं साफ' हे खोटं होतं. दवाखान्यातून नमुन्याची बाटली आणली होती, ती तशीच कोरी पर्समध्ये फिरत होती. किल्ल्या शोधताना रोज हाताला लागायची.

तुकडा पाठवला तो तुमच्या जावयांमुळे. सगळे तुकडे खणात त्यांना सापडले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लिफ्टचे दोर बघायला मी दर महिन्याला जातो. ते तुटले म्हणून जातो का? तू मात्र न बघताच बटण दाबणार."

मी म्हटलं, "मला लिफ्ट म्हणालात?"

"मालवाहू," म्हणाले. मग आधी मी हसले, मग रडले. सकाळी खिडकीशी गेले. पहिली नजर कुठे पडली ते मला खरं तर पाकीट उघडलं तेव्हाच माहीत होतं, काका. म्हणून तर एवढी चिडले.

लघवीत रक्त आहे, डोळ्यांना न दिसणारं. प्रथिनंही जातायत, पण फार नाहीत. रक्तदाब वाढायला लागलाय. मूत्रपिंडांचं काम मात्र अजून चांगलं चाललंय, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं, कारण मी तीनदा विचारलं. सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढून बघायचं ते बाळंतपणानंतर, पण घरचा इतिहास बघता तेच आहे असं ते धरून चाललेत. या आजारात नेहमी देतात ती गोळी गरोदरपणात चालत नाही. सध्या दुसरी दिलीय. दर पंधरवड्याला तपासणी. घसा दुखला तर लगेच यायचं. मूल राहू दे, आपण दोघांवर लक्ष ठेवू, म्हणाले. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, ते मी विचारलं नाही.

बाळाची जनुकं तपासायची का, हेही विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्यावरून काही ठरणार नाही, मूल वाढू दे, त्याच्या लघवीकडे लक्ष ठेवा म्हणजे झालं. वकीलीण म्हणते, मूत्रपिंडांचं सिद्ध करणं कठीण आहे, पण तुमच्या कानांची तक्रार ती सोडणार नाही.

आता जे लिहायचं नव्हतं ते. तुमच्याकडेही तेच सगळं आहे आणि तुमचं साफ आहे, हे तुम्ही मला धीर यावा म्हणून लिहिलंत. मला कळलं ते. पण वाचून मला धीर नाही आला, तुमचा राग आला. एकाच घरातले, एकाच कारखान्यातले, रक्तात तेच, मग बाबाच का? तुम्ही का नाही? तुम्ही मला लहानाचं मोठं केलंत, आई गेल्यावर माझ्या वेण्या तुम्ही घातल्यात, बाबांना कधी जमल्या नाहीत. आणि तुमच्याबद्दल माझ्या मनात हे येतं. दोनदा खोडलं आणि परत लिहिलं. आता राहू दे.

तुमची
शिट्टी

*

२४ एप्रिल

प्रिय शिट्टी,

पत्र वाचून झालं तेव्हा पहिल्यांदा मी खाली बसलो. फेऱ्या मारल्या नाहीत.

मूत्रपिंडांचं काम चांगलं चाललं आहे, ही ओळ मी डॉक्टर बाईंना नेऊन दाखवली. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला जरा अवघडल्यासारखं झालं.

ते वाक्य खोडलं नाहीस हे बरं केलंस. मला तोच राग येतो. दादा पहिल्यापासून माझ्यापेक्षा धडधाकट. पिंपं तो उचलायचा, मी नुसता कागद घेऊन मागे उभा. आमच्यातलं कुणी आधी जाईल तर मीच, हे दोघांनी धरूनच ठेवलं होतं. आता रोज सकाळी मी बघतो आणि रोज साफ असतं. एखाद्या सकाळी वाटतं, आज तरी साफ नसावं. हे डॉक्टर बाईंना सांगितलेलं नाही, शिंपिणीलाही नाही. तुला सांगितलं, कारण तू आधी लिहिलंस.

तुला राग आला की लिहीत जा. मी वाचीन. मला आला की मीही लिहीन.

पण दर पंधरवड्याची तपासणी चुकवायची नाही. जावई कामावर जातात, तू एकटी जातेस, हे तू लिहिलं नाहीस पण मला माहीत आहे. डायलिसिसच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. दादा आत असायचा तेव्हा मी त्यावर बसायचो. आतून आलेल्या माणसाने बाहेर पाहिलं की त्याला आपलं कुणीतरी दिसावं लागतं. बाकी त्या बाकाचा काही उपयोग नसतो. तेवढं मला येतं.

कारखान्यात रजा मागितली. शेठ म्हणाला, किती दिवस? मी म्हटलं, बाळंतपण होईपर्यंत. तो बघतच राहिला. मग म्हणाला, कुणाचं?

तिकीट काढलं आहे. सोमवारी सकाळी पोहोचतो.

तुझा काका